चार टोल्यांच्या चार भिंती

गभणे मास्तरांचं डोकं माझ्या डोळ्यांदेखत तीन वेळा फुटलं. तिन्ही वेळा मी दहा पावलांच्या आत होतो आणि तिन्ही वेळा मी काहीएक केलं नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर वाचणारा माझ्या शौर्याची वाट बघत बसायचा.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नाकाडोंगरीच्याही पलीकडे, जंगलाला पाठ टेकून बसलेलं चिचटोला नावाचं गाव होतं. चौथीपर्यंतची दोनशिक्षकी शाळा. मोठे गुरुजी गभणे, धाकटा मी. मी बावीस वर्षांचा, नोकरीला नवा. पहिल्याच दिवशी गावानं मला सांगितलं, "लहाने मास्तर, तुमचे मोठे मास्तर आफ्रिकेचे आहेत बरं." म्हणून मी भीतभीत गेलो. बघतो तर पवनीकडचा अस्सल झाडीपट्टीतला माणूस! उंच, वाळका, गुडघ्याच्या वर संपणारी खाकी चड्डी आणि गुडघ्याच्या खाली सुरू होणारे लोकरी मोजे. मध्ये तेवढा गुडघा उघडा. मे महिन्यातही मोजे. विचारलं तर म्हणायचे, "सापासाठी." साप त्यांना कधी चावला नाही. चावली ती माणसं.

मास्तर तरुणपणी एका काकाच्या मागं केनियात गेले होते. काका तिकडं दुकानात कारकून. मास्तरांना दुकानात करमेना, म्हणून मोठ्या सरोवराकाठच्या एका खेड्यात ते शाळेवर लागले आणि आठ वर्षं राहिले. परत का आलात, असं मी एकदा विचारलं.

"माह्या हाताखालचा पोरगा मास्तर झाला ना. माह्याच जागेवर आला." हे ते अशा थाटात सांगायचे, जणू स्वतःच्या पोराचं लग्न लावलं आहे. मग आवाज जरा उतरायचा. "फक्त वरच्या वर्गाच्या इमारतीचं छप्पर पाहाचं राहिलं. भिंती खांद्याएवढ्या झाल्या होत्या. गावचे लोक स्वतःच्या हातानं बांधून राहिले होते. मी निघालो तवा बायका डोंगर उतरत होत्या, डोक्यावर दगड."

घाईघाईनं बोलणाऱ्या कोणालाही ते हात वर करून "पोले, पोले" म्हणायचे. तिकडच्या भाषेत हळूहळू. गावातली बैलं हाकणारी माणसंसुद्धा उतारावर बैलांना "पोले, पोले" म्हणू लागली होती आणि बैलांना ते समजतही होतं.

पहिलं डोकं फुटलं ते छडीपायी.

मास्तर मारत नसत. अजिबात. शाळेत छडीच नव्हती. आता आमच्या भागात त्या काळी न मारणारा मास्तर म्हणजे दूध न देणारी म्हैस. ढिवरटोल्यातल्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतल्या, बुधाचा पोरगा तीन दिवस शाळा बुडवून बोडीवर, गावतळ्यावर, मासे धरत बसला. बुधानं त्याला कानाला धरून आणलं. दुसऱ्या हातात जाळं ताणायचा बांबू.

"मास्तर, याले फोडा."

"पोट्टं भेलं हाये बुधा. बसू दे त्याले."

"नाई. फोडा म्हनतो ना! आधीच्या मास्तरनं पाटलाच्या पोराले काठी तुटेपावतर मारलं होतं. तो आज तलाठी हाये. माह्या पोरानं काय पाप केलं?"

"अरे, मी कोनालेच मारत नाई."

बुधाच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं. "समजलं मले," तो म्हणाला. "ढिवराच्या पोराले हात लावाले किळस येते तुमाले."

मास्तर हे ऐकून असे अवाक झाले की त्यांना बांबू दिसलाच नाही. कपाळाच्या वर बसला. रक्त नाकावरून थेट लोकरी मोज्यापर्यंत. पोरं किंचाळत बाकांखाली गेली. बाकं तीनच होती, म्हणून मी टेबलाखाली गेलो.

मास्तर खाली बसले, डोक्याला खिशातलं फडकं लावलं आणि बुधाला म्हणाले, "बस. सांगतो काहून मारत नाई ते."

आणि रक्त पुसत पुसत त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मी टेबलाखालून ऐकली. केनियात पहिली दोन वर्षं मास्तर चांगले सपासप मारायचे. ओटिएनो नावाच्या पोराच्या पाठीवर वळ उठले. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली, मागं सहा बायका. वर्गात शिरली, मास्तरांच्या हातातली छडी घेतली आणि दोन त्यांच्याच पाठीत ठेवून दिल्या. मग भिंतीवर हात आपटून म्हणाली, "हा दगड मी नदीवरून आणला. तो पण मीच. मी पाठ मोडून भिंत बांधली, ती तुला माझ्या पोराला कोंडून मारता यावं म्हणून नाही." गावाची पंचायत झाडाखाली बसली. शिक्षा झाली: मास्तरांनी सात दिवस त्या बायकांबरोबर दगड वाहायचे.

"सात दिवस?" बुधानं विचारलं.

"सात. पयल्या दिवशी दगड पायावर पडला. हा अंगठा पाह्य."

मास्तरांनी मोजा उतरवला, बुधानं अंगठा पाहिला. नख खरंच नव्हतं. बांबू त्यानं भिंतीला टेकवला. "त्या बाईचं बराबर हाये," तो म्हणाला. "पन त मास्तर, आमी कुठं दगड वाहिले? शाळा त सरकारची."

मास्तर ताडकन उठले. फडकं खाली पडलं, रक्त पुन्हा सुरू झालं. "हेच!" ते ओरडले. "हेच त म्हनतो मी!"

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात शाळा शिरली. डोक्याला भोक पडलंच होतं.

झालं असं होतं की चौथीनंतर चिचटोल्याची पोरं नाकाडोंगरीला जंगलातून पायी जायची आणि पोरी घरी बसायच्या. घरी बसली की वर्षादोनवर्षांत लग्न. आमच्या चौथीत वनमाला नावाची मुलगी होती, बौद्धवस्तीतल्या सोमाबाईची. तल्लख अशी की माझी गणितं ती तपासायची. मास्तरांनी तिला चौथीत नापास केलं. पुढच्या वर्षी पुन्हा नापास. मी वाद घातला तर म्हणाले, "पास केली त जाईन कुठं? नापास हाये तवर शाळेत हाये." पण तिसऱ्यांदा नापास करून चालणार नव्हतं. तिच्या बापानं साकोलीकडचं स्थळ पाहून ठेवलं होतं, आणि सोमाबाईनं त्याला एवढंच कबूल करायला लावलं होतं की मृगापर्यंत थांबायचं. गावात पाचवी सुरू झाली तर पोरगी शाळेत, नाही तर बोहल्यावर.

मास्तर भंडाऱ्याला जाऊन शिक्षण खात्याच्या साहेबांना भेटले. साहेब म्हणाले, खोली दाखवा, शिक्षक देतो. मृग लागायच्या आत खोली उभी नसेल तर मंजुरी दुसऱ्या गावाला.

दुसरं डोकं मंडईच्या दिवशी फुटलं.

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दुपारच्या उन्हात दंडार, आमच्याकडचं लोकनाट्य, चालली होती, पाच गावांची गर्दी, झाडांवरही माणसं. राक्षसाच्या सोंगातला नट मोहाची पिऊन आला होता, पण पाठांतर पक्कं होतं. त्यानं राजकन्येच्या केसाला धरलं, गर्दीनं श्वास रोखला आणि नेमके तेव्हाच गभणे मास्तर मोज्यांसकट मंचावर चढले.

"भाऊंनो, बायांनो! एका घरानं शंभर विटा!"

राक्षस चक्रावला. पोथीत हा माणूस नव्हता. मास्तर सांगत सुटले: बोडीतला गाळ फुकट, धानाचा कोंडा फुकट, विटा आपण भाजू, भिंत आपण बांधू. तिकडं सरोवराकाठी म्हाताऱ्या बायकांनी शाळा उभ्या केल्या. दाढीवाला बाप आणि त्याचा पोरगा एकाच पाटीवर शिकले. गावातल्या पोरीनं दवाखान्यातली बाटली वाचली आणि चुकीचं औषध जाणारं लेकरू वाचलं.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, तिकडं मानूस मानसाले खाते म्हनते, खरं का?"

हशा. मास्तर हसले नाहीत. "मी आठ वर्षं होतो. मले कोनी चाखूनई पाह्यलं नाई. पन ते लोक मले विचारत होते, तुह्या देशात मानूस मानसाले शिवत नाई म्हनते, खरं का? सांगा आता. काय सांगू मी त्याईले?"

मंडई एवढी गप्प झाली की पलीकडच्या झुंजीतला कोंबडा ऐकू आला. त्या शांततेत राक्षसाला आपला प्रवेश आठवला. त्यानं लाकडी तलवार उचलली आणि गर्जना करून मास्तरांच्या टाळूवर घातली. रक्ताची धार उडाली, राजकन्येच्या, म्हणजे आमच्या न्हाव्याच्या, साडीवर. आणि गर्दीनं काय करावं? टाळ्या! शिट्ट्या! "वन्समोर!" लोकांना वाटलं, मास्तर हा यंदाचा नवा प्रवेश आहे. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, प्रवेश फार रंगला होता.

पण विटा आल्या. फुटक्या डोक्यानं मागितलेली वस्तू नाकारायला आमची माणसं कचरतात. चारही टोले, म्हणजे गावच्या चारही वस्त्या, बोडीत उतरले: पाटीलटोला, ढिवरटोला, गोंडटोला आणि बौद्धवस्ती. उन्हाळ्यात चार भट्ट्या पेटल्या.

इथं मास्तरांनी चूक केली. चूक त्यांचीच, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. केनियात एकेका कुळानं एकेक खोली बांधली होती, चढाओढ लागली होती, कामं झटपट झाली होती. "तरी तिकडंई जागेवरून कोयते चालले होते," ते सांगायचे. "दोन कुळं, दोन डोंगर. कोनाच्या डोंगरावर शाळा? तिघं जन कापले गेले. मंग मधल्या खोलगटात बांधली, जिथं कोनीच राहत नाई. पावसाळ्यात बेडकं पयले हजर." एवढं माहीत असूनही त्यांनी चिचटोल्यात जाहीर केलं: खोली एकच, म्हणून टोल्याला एक भिंत. बघू कोणाची आधी होते!

चढाओढ लागली, तीही अशी की विचारू नका. पाटीलटोल्याची भिंत पूर्वेची, बौद्धवस्तीची दक्षिणेची, गोंडटोल्याची पश्चिमेची, ढिवरटोल्याची उत्तरेची. ज्याच्या त्याच्या विटेवर ज्याची त्याची खूण. मास्तर मंजुरीच्या कागदामागं भंडाऱ्याला अडकले होते. आले तेव्हा चार भिंती डोक्याच्या वर गेलेल्या. ते आनंदानं टाळ्या वाजवत खोलीभोवती धावले. कोपऱ्यावर गाऱ्याचा जाड लेप होता, त्याखाली काय आहे ते त्यांनीही पाहिलं नाही आणि मीही नाही.

रोहिणीत वादळ आलं. दिवसाढवळ्या, दुपारी तीनच्या सुमारास. पहिल्या झपाट्याला पाटीलटोल्याची भिंत आडवी झाली, मग तिच्या शेजारची, आणि अर्ध्या तासात शाळेच्या जागी विटांचा ढीग होता. मृगाला आठ दिवस उरले होते.

वादळ थांबलं तेव्हा चारही टोले ढिगाशी जमले होते. हातात लाठ्या. फत्तू पाटील, म्हणजे पाटीलटोल्याचे कर्ते, म्हणाले, "बौद्धवस्तीच्या विटा कच्च्या. त्यांची भिंत पडली, तिनं आमची ओढली."

सोमाबाई ढिगावर उभी होती. "पाटील, तुमची आधी पडली! मी डोऱ्यानं पाह्यली!"

"तू कोन मले सांगनारी?"

"मी कोन? मी सातशे विटा थापल्या! तुमी किती थापल्या? मिशी थापता काय नुसती?"

पाटलांच्या पुतण्यानं पहिली लाठी चालवली. सोमाबाईनं पहिली वीट भिरकावली आणि ती बरोबर लागली. मग सगळं एकदम सुरू झालं. बुधाचा दात गेला. कोणाचा तरी हात कोपरातून उलटा वळला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी चिंचेच्या बुंध्यामागं होतो आणि बुंधा जाड होता. आणि त्या माऱ्यात, "पोले! पोले!" करत, दोन्ही हात पसरून गभणे मास्तर शिरले.

लाठी कोणाची, ते मी पाहिलं आहे. सांगणार नाही. तो माणूस पुढं चिचटोल्याचा सरपंच झाला आणि त्याच शाळेत झेंडावंदनाला फार सुंदर भाषण करायचा.

ही लाठी डाव्या भुवईवर बसली. मास्तर ढिगावर कोसळले आणि सगळं थांबलं. रक्तानं अर्धा चेहरा दिसत नव्हता. बुधानं त्यांना उचलायला हात घातला तर त्यांनी त्याचा हात झटकला.

"मिस्त्री," त्यांनी हाक मारली. गोंडटोल्यातला उईके मिस्त्री पुढं आला. "कोपरे काहून सुटले?"

मिस्त्रीनं आधी पाटलांकडं पाहिलं.

"सांग."

"सांधलेच नोयते मास्तर. एक वीट हिकडची, एक तिकडची, असं एकमेकीत घालावं लागते कोपऱ्यात. पाटील म्हनले, माह्या भिंतीत दुसऱ्याची वीट नाई पायजे. मंग बाकीचेई तसेच म्हनले. आमचेई म्हनले. चारी भिंती वेगवेगळ्या उभ्या केल्या. बोटभर फट, वरून गारा लिपला."

मास्तर हसले. त्या चेहऱ्यावर ते हसू भयंकर दिसलं. "गाढवपना माहा. तुमाले भिंती वाटून देल्या मी." मग म्हणाले, "एक कोपरा सांधा. सांधल्याबिगर मी उठत नाई."

"मास्तर, आधी दवाखाना—"

"सरकारी मानूस हाओ मी, पाटील. इथं मेलो त पंचनामा होते. चारी टोले तुमसरच्या ठान्यात."

फत्तू पाटील देवाला भीत नव्हते, पण पंचनाम्याला भीत होते. त्यांनी एकदा मास्तरांकडं पाहिलं, एकदा गळणाऱ्या रक्ताकडं, आणि लाठी टाकून ओरडले, "आना विटा!"

चिचटोल्याची सामाजिक प्रगती कशी झाली, असं मला कोणी विचारलं तर मी सांगतो: घाईनं आणि घाबरून. मिस्त्रीनं ओळंबा सोडला. सोमाबाई विटा देत होती, रांगेत मधे उभं राहायला दुसरं कोणी धजेना म्हणून पाटील स्वतः उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिच्या हातून काही घेतलं, आणि ती वीट होती. एक खूण अंगठ्याची, एक पानाची, एक माशाची, एक साधी रेघ. आडवी एक, उभी एक, एकमेकीत दात घातल्यासारख्या. मास्तर उजव्या डोळ्यानं थर मोजत होते. "चार... पोले, पाटील, वीट फेकू नका... पाच..." सातव्या थराला ते आडवे झाले. बुधानं त्यांना बैलगाडीत घातलं आणि उतारावर बैलांनासुद्धा हळू जा म्हटलं नाही.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात मास्तर वीस-बावीस दिवस होते. डावा डोळा गेला. इकडं आठ दिवसांत चारही भिंती वर आल्या, चारही कोपरे सांधून, वर कवेलूंचं छप्पर. भांडणं रोज झाली, पण काम सुरू ठेवून झाली. साहेब आले, भिंतीला काठी मारून पाहिली आणि पाचवी मंजूर केली. त्याच टपालात दुसरा कागद आला: गभणे यांनी गावात तंटा माजवल्याची तक्रार असल्यानं त्यांची बदली लाखांदूरकडं. तक्रार कोणाची, हे कागदात नव्हतं. त्या आठवड्यात पाटील माझ्याशी नजर मिळवत नव्हते.

शाळा सुरू झाल्यावर मास्तर आपली पेटी न्यायला आले. डोळ्यावर पट्टी, पायात तेच मोजे. सारं गाव मागं. ते नव्या खोलीत शिरले, मान वर केली आणि एका डोळ्यानं छप्पर बघत राहिले. एवढा वेळ की पोरं कुजबुजायला लागली.

"कसं हाये, मास्तर?" सोमाबाईनं विचारलं.

"तिसऱ्या ओळीत एक कवेलू फुटलं हाये," ते म्हणाले. "गळन."

मग त्यांनी पेटी खाली ठेवली, कोपऱ्यात गेले आणि खांद्यानं भिंतीला धडक दिली. बैल देतो तशी. दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. चौथ्याला स्वतःच धडपडले. भिंत हलली नाही. पहिल्या ओळीत वनमाला बसली होती. शेजारी पाटलांची नात, मधे वीतभर अंतर ठेवून. मास्तर वनमालासमोर थांबले.

"कोन्या वर्गात?"

"पाचवीत, गुरुजी."

"मी त नापास केलं होतं तुले."

"लहाने मास्तरनं पास केलं," ती म्हणाली. "त्याईचं गनित मीच तपासलं."

ते माझ्याकडं वळले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिन्ही वेळा काहीएक न केलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

फाट्यावर एसटी आली. बुधानं पेटी टपावर चढवली. मास्तर डाव्या बाजूच्या खिडकीशी बसले आणि आम्ही सगळे नेमके त्याच बाजूला उभे. हात हलवले, सोमाबाई ओरडली, पोरं ओरडली. त्यांनी पाहिलं नाही, कारण ती त्यांची अंधारी बाजू होती. ते केव्हाच शेजारच्या उतारूकडं वळले होते. कुठल्याशा दुसऱ्या गावचा माणूस, मांडीवर कोंबडी. गाडी हलली तेव्हा मला दिसलं ते एवढंच: मास्तर त्याला काहीतरी तावातावानं सांगत होते आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून त्याच्या नाकासमोर धरली होती, आणि तो माणूस कोंबडी सोडून आपली बोटं तशी अडकवून बघत होता.